लेखनाचे चार प्रकार आणि आमच्या वर्गाचं छत

मराठी शिकवणाऱ्याकडे किस्से साठतच जातात, कपाटात जुने पेपर साठतात तसे. फेकायला काढावेत तर मी एखादा वाचत बसतो आणि मग दिवसभर जीव जळतो! आमचं ज्युनियर कॉलेज कारंजा घाडगेजवळ, हायवेला लागून. मराठीचे आम्ही दोघंच, मी आणि मेश्राम मॅडम. दरवर्षी अकरावीला लेखनाचे चार प्रकार शिकवायचो: वर्णन, कथन, स्पष्टीकरण, युक्तिवाद. ते खरे कसे वापरतात, हे मात्र आम्हाला कॉलेजनं शिकवलं.

*

'माझे गाव' या विषयावर एका मुलीनं खळखळ वाहणारी नदी लिहिली. मी विचारलं, "तुझ्या गावात नदी कुठं आहे?"

"नाई ना सर! पण मागच्या वेळेस खरं लिहिलं होतं मी. नळावरची भांडणं, धाब्यामागचा कचरा. तुमीच तीन मार्क देल्ले!"

जुना पेपर काढून पाहिला. सही माझीच होती.

*

एकदा मॅडम तास घेत असताना वर्गाच्या छताचा मोठा तुकडा कोसळला. पहिला बाक रिकामा होता म्हणून मुलं वाचली. मॅडमचा उजवा खांदा मोडला.

प्राचार्यांनी अहवाल माझ्याकडे दिला. मी जे घडलं ते लिहिलं. छताला तडा गेल्याचा मॅडमनी तीनदा अर्ज केला, प्राचार्यांनी दखल घेतली नाही, छत कोसळलं.

त्यांनी वाचून कागद परत सरकवला. "सर, हे कथन झालं. मले वर्णन पाहिजे."

"काय फरक पडतो?"

"वर्णनात कोणी काई करून राह्यलं नसते!"

मग मी लिहिलं, 'इमारत जुनी असून हवा दमट होती.'

"वा!" प्राचार्य म्हणाले. "याले म्हणतात भाषा!"

*

मॅडम दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांना नोटीस गेली. 'पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा.'

मॅडमनी आपल्या मुलीला सांगून उत्तर लिहून घेतलं. 'छत पडले. मी खाली होते.'

क्लार्कचा फोन आला. "मॅडम, जरा वाढवा ना. पानभर तरी पाहिजे."

"छत पुन्हा पडलं की वाढवीन," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

त्या वर्षीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'शिस्त हाच शिक्षणाचा पाया'. त्याच वर्गातली एक मुलगी विरोधात बोलायला उभी राहिली.

"आमी शिस्तीत बसलो होतो. मॅडम शिस्तीत शिकवून राह्यल्या होत्या. फक्त छत शिस्तीत राह्यलं नाई!"

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. प्राचार्यांनी माईक हातात घेतला. "युक्तिवाद विषयाले धरून पाहिजे." तिला उत्तेजनार्थ सर्टिफिकेट मिळालं. तिनं ते तिथंच खुर्चीवर ठेवलं आणि निघून गेली.

*

शेवटी वरून चौकशी लागली. प्रत्येकानं लेखी जबाब द्यायचा होता. प्रश्न एकच, छताला तडा असल्याचं आपण आधी पाहिलं होतं का?

तो तडा मॅडमना पहिल्यांदा दाखवला होता तो मीच. पण पर्यवेक्षकाच्या जागेसाठी त्याच आठवड्यात माझं नाव पाठवणार होते. मी लिहिलं, 'असा कोणताही तडा मी पाहिला नाही.' घाईघाईत लिहिलं, सही केली आणि कागद स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला.

मॅडम त्याच दिवशी कामावर आल्या होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी माझा कागद उचलला, वाचला. पुन्हा एकदा वाचला. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता फाडतील, ओरडतील, निदान विचारतील तरी.

त्यांनी डाव्या हातानं पेन घेतलं. एका शब्दावर हळूहळू काहीतरी काढलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"'पाहिला'ची वेलांटी राहिली होती, सर."