मलप्पाचा आजारी बैल

मलप्पा मला कधीच आवडला नाही. आता तो हयात नाही म्हणून त्याच्याबद्दल गोड बोलावं, असंही मला वाटत नाही. माणूस खडूस होता, तोंडाने फाटका होता, आणि जात कळल्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हता. तरी आमच्या प्रयोगशाळेचा उंबरा त्याच्याएवढा कुणी झिजवला नाही, आणि त्याच्या एका प्रश्नाला आमच्यापैकी कुणालाच कधी हो म्हणता आलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. ऑफिसांच्या पाट्यांचे रंग अजून वाळले नव्हते, बाकी सगळं दुष्काळाने वाळवलं होतं. बाजाराच्या मागे एका भाड्याच्या गोदामात जनावरांच्या रोगांची छोटी प्रयोगशाळा निघाली आणि तिथे मला सहायक म्हणून नोकरी लागली. मी पंचशीला, हदगावकडची, नांदेडला बी.एस्सी. झालेली. आमचं काम गोचीड तापावर होतं. योजनेतून वाटलेल्या जर्सी गाई त्या तापाने पटापट मरत होत्या, आणि शेजारच्याच दाव्याला बांधलेल्या देवणी जनावराला काही होत नव्हतं. असं का होतं, हे आमच्या शेषेराव डॉक्टरांना शोधायचं होतं. त्यासाठी अस्सल देवणीचं रक्त हवं होतं.

मलप्पाचा बैल, वानेरा, अस्सल देवणी होता. पांढरं अंग, काळं तोंड, मोठे लोंबते कान. देवणी गावाजवळच्या आपल्या खेड्यात मलप्पा रोज संध्याकाळी कंदील घेऊन बैलाच्या कानात, शेपटीखाली बोटं फिरवायचा आणि गोचीड सापडली तर दगडावर चिरडायचा. आपल्या बैलाला गोचीड ठाऊकच नाही, हे तो भर बाजारात लोकांना ऐकवायचा. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं तेव्हा बाटली मी धरली होती. डॉक्टरांना तो अहोजाहो करत होता. मला म्हणाला, नीट धर गं. त्याच दिवशी तो माझ्या मनातून उतरला.

पुढच्या उन्हाळ्यात वानेरा गेला. म्हातारा झाला होता आणि कडबा संपला होता. छावणीत न्यायला मलप्पा तयार नव्हता, कारण तिथे दहा गावची जनावरं आणि त्यांच्या गोचिडी. त्याने रानातच खड्डा खणला आणि मीठ घालून बैल पुरला. त्यांच्या घरात राबलेल्या बैलाचं कातडं काढू देत नाहीत, आणि बैल पुरला त्या दिवशी चूल पेटत नाही. हे सगळं त्याने रीतसर केलं आणि काही दिवसांनी रक्ताच्या तपासणीचं काय झालं ते विचारायला लातूरला आला.

डॉक्टर खुशीत होते. त्यांनी मलप्पाला आत बोलावलं आणि तुमचा बैल अजून पुरता गेलेला नाही असं सांगितलं. त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आम्ही बाटलीत वाढवल्या होत्या. त्यांत गोचीड तापाचे जंतू सोडले होते. हा जंतू मोठा चमत्कारिक असतो. तो पेशीत शिरून बसतो आणि तिला मरूच देत नाही, उलट एकीच्या दोन, दोनाच्या चार करत राहतो. एरवी त्या पेशी थोड्या दिवसांत संपल्या असत्या. आता आमच्या गरम कपाटात वानेऱ्याच्या बाटल्याच बाटल्या झाल्या होत्या, आणि नवीन औषधं आम्ही त्यांच्यावर तपासणार होतो.

मलप्पाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग पेशीतले काळे ठिपके कसले, असं त्याने विचारलं. तेच जंतू, गोचिडीतून काढलेले, डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे मेल्यावर रोग लावलाव त्याला."

डॉक्टर हसले. हा बैल नव्हे, नुसत्या पेशी आहेत, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. मलप्पा ऐकत नव्हता. तो माझ्याकडे वळला. माझ्या हातात बाटली होती.

"तुमच्या लोकांनी मेलेली ढोरं वढायची सोडली म्हणं. मग ही बाटलीतली कशी चालतेत?"

माझ्या आज्याने छप्पन सालच्या धर्मांतरानंतर ढोरं ओढायचा दोर जाळून टाकला होता. गावाने त्याचं दळण बंद केलं, मजुरी बंद केली, आणि तरी त्याने दोर पुन्हा वळला नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझं डोकंच फिरलं. पण बाटली मी खाली ठेवली नाही.

"आज्यानं सोडलं, कारण गाव वढ म्हणत व्हतं," मी म्हणाले. "हे मी शिकून करते. मला कुणी वढ म्हणत न्हाई. आन तुम्हीबी मला अगं म्हणायचं न्हाई."

तो गेला. मला वाटलं, पीडा टळली. पण दर काही आठवड्यांनी तो एस.टी.ने यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. त्याचं म्हणणं एकच होतं. आजारी जनावर आम्ही पुरत नाही. बैलाचा रोग आधी काढा, मग सगळ्या बाटल्या माझ्या हवाली करा, मी त्याला त्याच्या खड्ड्यात टाकतो. तोवर माझा अर्धा बैल मातीत आणि अर्धा तुमच्या कपाटात तापाने फणफणतोय. लातुरात टँकरमागे लोक धावत होते, आणि हा गावाहून स्वतःच्या पाण्याची बाटली आणायचा, माझ्या माठातलं घ्यायचा नाही. तीही गोष्ट मी विसरले नाही.

मग बाहेरून एका नव्या औषधाचा नमुना आला. आम्ही थोड्या बाटल्यांत ते घातलं. काही दिवसांत पेशींमधले काळे ठिपके विरळ झाले, मग दिसेनासे झाले. जंतू गेले तशा पेशीही वाढायच्या थांबल्या आणि साध्या पेशी मरतात तशा मेल्या. औषध लागू पडल्याची हीच खूण होती. डॉक्टरांनी मला पेढे आणायला पाठवलं आणि मलप्पाला निरोप धाडला.

तो धुतलेलं धोतर नेसून आला. डॉक्टरांनी त्या बाटल्या त्याच्यापुढे ठेवल्या. यांतला रोग गेला, या तुम्ही न्या, म्हणाले.

मलप्पाने कपाटाकडे बोट केलं. बाकीच्यांचं काय? डॉक्टरांनी सांगितलं की बाकीच्या आजारीच ठेवाव्या लागतील. उद्या दुसरं औषध आलं तर ते कशावर तपासणार? वानेऱ्यासारख्या पेशी पुन्हा मिळणार नाहीत.

"बरं करता येतंय," मलप्पा म्हणाला, "आन करत न्हाईत."

डॉक्टरांचा तोल गेला. अडाणी माणसा, तुझ्या एका बैलापायी जिल्ह्यातल्या गाई मरू देऊ का, असं ते ओरडले. शिपायाने मलप्पाला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याने एकही बाटली नेली नाही. मला डॉक्टरांचं पटत होतं, आजही पटतं. पण त्या दिवशीचे पेढे मला गेले नाहीत.

त्याच वर्षी मलप्पाच्या दारातली जर्सी गाय तापली. गाय त्याची सून सिंधु हिची होती. मलप्पाचा मुलगा वारल्यापासून घर या गाईच्या दुधावर चालत होतं. सिंधु एस.टी.ने लातूरला आली आणि डॉक्टरांच्या टेबलापुढे उभं राहून तिने गाय तापल्याचं सांगितलं. आम्ही औषध घेऊन तिच्यासोबतच जीपने निघालो.

गाय आडवी पडली होती. गळ्याखालच्या गाठी सुजलेल्या, डोळे पांढरेफटक. आणि गोठ्याच्या दारात मलप्पा दोन्ही हात चौकटीला लावून उभा.

"आधी त्याला," तो म्हणाला. "मंग हिला."

डॉक्टर तिथूनच वळले आणि पेटी घेऊन जीपकडे चालू लागले. मला इतका संताप आला की त्याला ढकलून द्यावं वाटलं. पण सिंधु पुढे झाली. आवाज न चढवता तिने सासऱ्याचा हात चौकटीवरून काढला.

"मामंजी, तो गेलाय. ही जित्ती हाय."

मलप्पाने हात पुन्हा वर नेला नाही. मी डॉक्टरांना हाक मारून परत बोलावलं, गाईची मान धरली, आणि त्यांनी सुई दिली. आठवडा गेला आणि गाय उठून रवंथ करू लागली.

पुढे ती गाय तपासायला मी मधूनमधून जात असे. मलप्पा तेव्हाही संध्याकाळी कंदील घेऊन बसायचा आणि गाईच्या कानातल्या गोचिडी तितक्याच मन लावून काढायचा. पण तिच्या दुधाला तो शिवला नाही. सिंधु मला दुधाचा चहा द्यायची, तो बाजूला बसून काळा प्यायचा. तो विचारायचा, मी सांगायचे, बोलणं एवढंच व्हायचं.

"बरा झाला का?"

"न्हाई."

"मग कशाला आलात?"

अगं म्हणायचं मात्र त्याने सोडलं होतं.

मलप्पा गेला तेव्हा त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्याला रानात वानेऱ्याच्या शेजारीच पुरलं. मी गेले नाही. त्यानंतरच्या एका बाजारी दिवशी सिंधु प्रयोगशाळेत आली. मला वाटलं, गाईचं काही असेल. ती मलप्पाच्याच बाकावर बसली. मी माठातलं पाणी दिलं, ते ती प्यायली आणि तिने तांब्या खाली ठेवला.

"ताई, आमचा बैल बरा झाला का?"

डॉक्टर तोवर बदलून गेले होते. कपाट माझ्या ताब्यात होतं, आणि दिवसाआड त्या बाटल्यांना पोषणाचा ताजा गुलाबी द्रव घालून मीच त्यांना जगवत होते. तिच्या गोठ्यात गाय उभी होती ती त्याच बाटल्यांच्या जोरावर, हे तिलाही ठाऊक होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"त्यांनी सांगितलंय इचारत ऱ्हा म्हणून." ती उठली आणि पदर नीट केला. "गाईपायी म्या त्यांचा हात काढला. आता मीच येत जाईन."

मला त्या घराचा पुन्हा राग आला, मेलेल्याचा आणि जिवंताचाही. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभी राहिले. मग आत जाऊन कपाट उघडलं. त्या दिवशी बाटल्यांना द्रव घालायचा होता, तो मी घातला.