झगे न घालणारी मंडळी

कंपनीतून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते... "नितीनला चक्कर आली," एवढंच ते म्हणाले. पुढचं मला आवाजावरूनच कळलं. माझा धाकटा भाऊ, महाळुंग्याच्या कारखान्यात क्वालिटीला. दर रविवारी माझ्याकडे जेवायचा आणि साडेतीनला त्याच्या त्या खेळाला पळायचा. त्याला जाऊन सहा आठवडे झाले, अजून रविवारी त्याचा भात जास्त टाकते मी.

तो खेळ मला कधी कळलाच नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, अडलं की फासा टाकायचा, एवढंच ठाऊक. उरलेलं मी वेफर्सच्या एका जाहिरातीतून शिकले! अंधारी खोली, मेणबत्त्या, काळे झगे, जाड भिंगांची बावळट पोरं. मी पोट धरून हसले. "अरे, हे तर तुझंच ध्यान!" नितीन म्हणाला, "ताई, आमच्याकडे ट्यूबलाइट असते गं. एकदा येऊन बघ तरी." "आधी झगा शिवून आण," मी म्हटलं. मग दर रविवारी त्याचं तेच विचारणं, माझं तेच उत्तर... माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

परवा रविवारी रहाटणीच्या त्याच्या खोलीवर गेले. सामान आवरायला म्हणून. खरं तर तो खेळ बघायला, तो तिथेच चालायचा. टेबलाभोवती त्याच्या खेळातले चौघं बसलेले. त्यांतले पन्नाशीचे टेम्पोवाले पोपटराव उठून उभे राहिले. माझी नजर खोलीभर फिरली, ती त्यांनी ओळखली. "न्हाई ताई, झगा न्हाई. मेणबत्ती तर अजिबात न्हाई, नितीनभाऊ म्हनायचे, सेफ्टीत बसत न्हाई." मी हसले आणि हसता हसता रडूच कोसळलं.

"ती जाहिरात बघितलीत तुम्ही?" मी विचारलं.

"बघितली की. मी खेळात वैदू हाय, ताई. आठवडाभर चाकणच्या ट्रॅफिकमधी शिव्या खायच्या, रविवारी चार जणांच्या जखमा बांधायच्या. ते कोन दाखवनार?"

मग त्यांनी एक रजिस्टर पुढे केलं. नितीन खेळाचीही हजेरी मांडायचा, अगदी कारखान्यासारखी. न कळवता राहिला तो गैरहजर, त्याची जागा दुसऱ्याला; रजा मंजूर असेल त्याची खुर्ची राखून ठेवायची. पानोपानी या चौघांची नावं, आणि पाचवं... ताई. त्या नावापुढे दर रविवारी एकच शब्द: रजेवर. गैरहजर एकदाही नाही. मी तर कधी रजासुद्धा मागितली नव्हती.

पाचवी खुर्ची रिकामीच होती. मी बसले, पोपटरावांकडून पेन घेतलं आणि नव्या पानावर माझ्या नावापुढे 'हजर' लिहिलं. त्याखाली नितीनचं नाव घातलं, आणि त्यापुढे त्याचाच शब्द... रजेवर.