यादीतली एक्केचाळिसावी ओळ

मावशी टोपलीतल्या दोन तिसऱ्या उचलायची, गिऱ्हाइकाच्या कानाशी नेऊन एकमेकींवर आपटायची आणि म्हणायची, "ऐक. बोलते का?"

तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणारे छोटे शिंपले. टक्क वाजली तर जिवंत, भद्द वाजली तर आत नुसता चिखल. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कान द्यावाच लागे. दोन हजार दहाच्या आगेमागे पनवेलच्या मासळी बाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर ते शिंपले तुमच्याही कानाशी वाजले असतील. हिरवं लुगडं, समोर दोन टोपल्या, आणि उरणकडच्या खाडीवरून पहाटेच आलेली असूनही दुपारपर्यंत न दमणारा आवाज. तीच ती.

माझं ऑफिस बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्यांचे अर्ज भरून देणं हे माझं काम आणि निघताना त्यांच्या हातात एक यादी ठेवणं ही माझी हौस. कुकरची जादा रिंग, चष्म्याची दुसरी जोडी, दाखल्यांच्या तीन-तीन प्रती, डॉक्टरांची चिठ्ठी. अशा चाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळ दोन माणसांना विचारून पक्की केलेली. यादीत एकही चूक अजून कुणाला सापडलेली नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे.

माल संपला की मावशी माझ्या पंख्याखाली येऊन बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा समोर मृणाल आणि निखिल हे करंजाड्याचं तरुण जोडपं बसलं होतं. त्यांना व्हँकुव्हरला जायचं होतं. मृणाल यादी मोठ्याने वाचत होती. मावशीने रिकामी टोपली दाराशी ठेवली, फरशीवर बसकण मारली आणि चाळीसच्या चाळीस ओळी ऐकल्या.

"एवढ्या वस्तू नेतेस," ती मृणालला म्हणाली, "आनि रविवारी काय करशील? मांडून बघत बसशील?"

दोघं हसली. मला राग आला. "मावशी, इथे महत्त्वाचं काम चाललंय."

"चालूदे ना बाय. पन कागदानं रविवार सरतो काय?"

त्या संध्याकाळी मी आधी व्हँकुव्हरला गेलेल्या आठ-दहा कुटुंबांना ईमेल केली: सुट्टीच्या दिवशी काय करता? उत्तरं वाचून मी गारच झाले. शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं. एकाने लिहिलं, दर रविवारी मॉलमध्ये फिरतो आणि काही न घेता परत येतो. एका बाईंनी लिहिलं, समुद्र बसने वीस मिनिटांवर आहे म्हणतात, पाच महिने झाले, अजून पाहिला नाही.

मग मी यादीला दुसरं पान जोडलं. लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, पहिल्या आठवड्यात काढा. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं जॅकेट घ्या. ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला काळ्या बेरी पिकतात, डबा घेऊन निघा. पाण्याच्या कडेने लांबच लांब पायवाट आहे, एकटे असाल तरी चाला. पण या पानावरची पहिली ओळ, म्हणजे एकूण एक्केचाळिसावी, मावशीने सांगितलेली होती: ओहोटीला किनाऱ्यावर जा, तिसऱ्या वेचा, घरी आणून शिजवा, शेजाऱ्यांना बोलवा.

"शेजार जोडायचा तर याच्यासारकं कायपन नाय," ती म्हणाली होती.

ही एकच ओळ मी कुणाला विचारून घेतली नाही. समुद्राबद्दल मावशीच्या वर आणखी कुणाला विचारायचं?

मृणाल मूळची सोलापूरची. तिसऱ्या कशा दिसतात हेही तिला ठाऊक नव्हतं. निघेपर्यंतचे तीन महिने ती दर रविवारी मावशीच्या टोपलीशी उकिडवी बसायची. मीठपाण्यात ठेवून वाळू कशी सोडवायची, वाफेवर उघडल्या की एका शिंपीत मांस कसं राखायचं, वाटण किती घालायचं. निखिल चार पावलं लांब, नाकाला रुमाल लावून उभा. मावशी त्याला हाक मारायची, "ओ घाटावरचे जावई, वास चावत नाय, या जवल!"

ती दोघं गेली. पुढच्या उन्हाळ्यात मृणालचा फोटो आला. शहरापासून तासाभरावरचा किनारा, मागे डोंगर, पाणी स्वच्छ, आणि तिच्या हातात शिंपल्यांनी भरलेली बादली. खाली लिहिलं होतं, 'मावशीला दाखवा. सगळ्या बोलतात!' मी रंगीत प्रिंट काढून खाली नेली. मावशीने ती अख्ख्या बाजारात फिरवली. बर्फवाल्यालासुद्धा दाखवली.

फोटो शनिवारी आला. निखिलचा फोन सोमवारी सकाळी.

मृणाल हॉस्पिटलमध्ये होती. जेवणानंतर तासाभरात आधी ओठ बधिर झाले, मग बोटं, मग हात उचलेना, मग श्वास. आता ती मशीनवर होती. निखिलने दोनच तिसऱ्या खाल्ल्या होत्या, त्याच्या ओठांना नुसत्या मुंग्या आल्या. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, त्या दिवसांत पाण्यात काहीतरी विषारी वाढतं, शिंपले ते खातात, शिंपल्यांना काही होत नाही. शिजवूनही ते विष जात नाही. शिंपले वेचू नका, अशी पाटीही किनाऱ्यावर होती.

"पाटी दिसली होती," तो म्हणाला. "आपल्याकडे पाटी असतेच ना मॅडम, आणि माणसं तिच्याखालीच उभी असतात."

मी फोन ठेवला. टेबलावर यादीच्या वीस ताज्या प्रती होत्या. त्या मी उलट्या करून ठेवल्या आणि खाली गेले.

मावशीने सगळं ऐकलं. मग एकेक विचारत गेली. "वाजवून बघितल्या हुत्या?" हो. "मेलेल्या फेकल्या?" हो. "शिजल्यावर उघडल्या?" सगळ्या उघडल्या. तिच्याकडचे प्रश्न संपले. असं होऊ शकतं हे तिच्या चेहऱ्याला पटतच नव्हतं. समोरच्या गिऱ्हाइकाला तिने नुसता हात हलवून जायला सांगितलं.

तीन दिवस ती सकाळी विक्रीआधी आणि दुपारी विक्रीनंतर जिना चढून यायची. "उठली?" मी म्हणायची, "अजून नाही."

तिसऱ्या दुपारी ती दारातच थांबली. "बाय, पोरीनं इचारलं हुतं का?"

"कुणाला?"

"काठावरल्या बायांना."

"कुठल्या बाया, मावशी?"

"आमच्या खाडीत दुसऱ्या गावची बाई आली, तर चिखलात पाय घालायच्या आधी इचारते, आज काय हाय? काठावरली सांगते, त्या अंगाला जाऊ नको, कंपनीचं पानी सुटलंय. न इचारता कोनच उतरत नाय. मी बी नाय."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!" माझा आवाज चढला. "यादीत हे कुठेच नाही!"

"त्यात सांगायचं काय?" तीही ओरडली. "श्वास घे म्हनून सांगतं काय कोन कुनाला?"

त्या वेळी तिकडे मृणालचा श्वास एक मशीन घेत होतं.

चौथ्या दिवशी मृणाल शुद्धीवर आली. आठवड्याने घरी गेली. ऐकून मावशी जिन्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मी दुसरं पान काढूनच टाकायचं ठरवलं होतं. मावशीने माझा हात धरला. "फाडू नको. परत वस्तू मांडून बघत बसतील. नीट लिव." मग तिने सांगितलं तसं मी लिहिलं: ओहोटीला किनाऱ्यावर जा. काहीही उचलण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. पाटी असेल तर तीच काठावरची बाई समजा. ही ओळ आजही तशीच आहे. आता ती मी तिथल्या दोन माणसांकडून पक्की करून घेतली आहे.

तिसऱ्या विकणं मात्र तिने त्या दिवसापासून बंद केलं. पापलेट, बोंबील, कोळंबी, सगळं असायचं. जुनं गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, तिसऱ्या कुठे?" ती माशावर पाणी मारत म्हणायची, "तिसरी खोटं बोलते." माणसं हसून पुढे जायची. मला हसू येत नसे.

मावशी जाऊन आता काही वर्षं झाली. एका पावसाळ्यात ती घरी राहिली आणि नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरला तेव्हा तिच्या जागी तिची सून बसली होती. सून तिसऱ्या विकते. वाजवून दाखवत नाही, वजन करून देते.

पण त्याच्या आदल्या डिसेंबरमधली एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मृणाल महिन्याभरासाठी आली होती. ऑफिसात न येता सरळ बाजारात गेली, मी मागे धावत. मावशी कोळंबी सोलत होती. मान वर करून तिने बघितलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग ती उठली, हात पुसायचंही राहून गेलं, आणि त्याच मासळीने बरबटलेल्या बोटांनी तिने मृणालचे ओठ चाचपले. आधी वरचा, मग खालचा. आंधळं माणूस चाचपतं तसे. मृणाल मागे सरली नाही.

"बधिर नाय ना?"

मृणालने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मावशीने आपला कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"बोल," ती म्हणाली. "बोल काय तरी."