पणजोबा उकिरडा

आमच्या वंशावळीत दोन यशवंत, एक प्रतापराव आणि मधोमध उकिरडा आहेत. हे माझे पणजोबा. वंशावळ छापायला देताना चुलतभाऊ म्हणाला, "दादा, इथं उदयराव करू. सुनेच्या माहेरचे वाचतील."

त्याची आई शेंगा सोलत होती. "आधीची तीन पोरं गेली रे. म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि तेच नाव दिलं. टाकलेलं पोर यम कशाला नेईल? उदयराव ठेवलं असतं, तर तू नसतास व्याह्यांना घाबरायला."

यमही भावासारखाच, नाव वाचून माणूस ठरवणारा असावा.

नाव तसंच छापलं. विहीणबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे धोंडू आणि दगडू आहेत."