गिऱ्हाईक बघून दिलेला रंग

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. ऐन उन्हाळ्यात शुक्रवार पेठेजवळची एक शाळा सुटली आणि थोड्याच वेळात पोरं ओकाऱ्या काढत दवाखान्यात यायला लागली. सगळ्यांनी फाटकासमोरच्या गाडीवर लाल बर्फाचा गोळा खाल्ला होता. मी पोलीस ठाण्यातून पोहोचलो तोवर पालकांनी गाडी उलथवली होती आणि गोळेवालीचे केस धरून तिला रस्त्यावर ओढलं होतं.

तिला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. "आत टाका तिला," म्हणत जमाव मागोमाग आला.

"साहेब, म्या पोरांना इख घालीन व्हय?" ती म्हणाली. "माजी पोरगी बी त्याच दवाखान्यात हाय. तिनं बी त्योच गोळा खाल्लाय की."

चौकशी केली, खरं निघालं. पोरीला सलाईन लावलेलं आणि उशाशी कोणी नाही. महिला शिपायाबरोबर बाईला आधी तिकडे पाठवलं.

संध्याकाळी दुसऱ्या एका गोळेवाल्याचा फोन आला. "साहेब, त्या बाईला नका धरू. आमी समदे एकाच दुकानातनं रंग घेतो. मोठ्या हलवायाला त्यो सीलबंद डबी देतो, आमाला सुटी पुडी."

दुकान माझ्या माहितीतलं होतं. खाण्याचे रंग आणि चादरींचं सूत रंगवायचे रंग, दोन्ही तिथे मिळत.

सकाळी साध्या वेशातले दोन शिपाई पंचांसह पाठवले. एकाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, दुसऱ्याच्या विटका. दोघांनी एकच मागितलं, गोळ्यासाठी लाल रंग. इस्त्रीवाल्याला डबी मिळाली. विटक्या शर्टासाठी दुकानदार शेठचा हात खालच्या खणात गेला. पोरं दवाखान्यात पडलीत हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी गेला.

डबी, पुडी आणि बाईच्या गाडीवरून जप्त केलेली रंगाची बाटली, तिन्हींचे नमुने सील करून सरकारी प्रयोगशाळेत पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता आणि जमाव ठाण्यासमोरून हलत नव्हता. म्हणून राखून ठेवलेला थोडा थोडा रंग घेऊन त्याच शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेलो. पोरांना शिकवतात तोच प्रयोग त्यांनी मांडला. कागदाच्या पट्ट्यांवर खाली पेन्सिलीची रेघ, रेघेवर रंगाचा ठिपका आणि टोक मिठाच्या पाण्यात. पाणी वर चढताना रंगाला ओढून नेतं. कोणता रंग किती वर जातो, यावरून तो ओळखायचा. डबीतला रंग सरसर वर गेला. पुडीतला आणि गाडीवरच्या बाटलीतला, दोन्ही रेघेवरच बसून राहिले.

"सुताला चिकटावा म्हणून केलेला रंग दिसतोय," सर म्हणाले. "कागदालाही तसाच चिकटला."

कोर्टात ही पट्टी पुरावा म्हणून चालली नसती. मला कोर्टात नव्हे, शेठसमोर ठेवायची होती.

"गाडीवाल्यांनी काय मिसळलं, मला काय ठाऊक?" ठाण्यात आणलेले शेठ टेबलावरच्या पट्ट्यांकडे न बघताच म्हणाले.

मी आवाज चढवला नाही. "तुमचा नातू त्याच शाळेत आहे ना? त्याला काही झालं नाही?"

"न्हाय. त्याला आमी लाल गोळा खाऊ देत न्हाय."

"लालच का?"

शेठनी पट्ट्या हातानं बाजूला सारल्या. म्हणाले, "गाडीवर खाणाऱ्या पोरांना पचतंय, साहेब."

आरोपीवर हात उगारायचा नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला. त्या दिवशी तो पाळण्यासाठी दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत गच्च धरून बसलो.

पुढे पोरं बरी होऊन घरी गेली, अहवालही तसाच आला आणि शेठवर खटला उभा राहिला. रागाच्या भरात खून करणारे मी पाहिलेत. नंतर ते रडतात. हा माणूस रोज शांत डोक्यानं गिऱ्हाइकाचा शर्ट बघत होता आणि कोणाच्या पोराला काय खाऊ घालायचं ते ठरवत होता. त्याची चीड अजून गेलेली नाही. तेवढीच चीड त्या पालकांची येते. बाई निर्दोष ठरल्यावर तिची मोडकी गाडी उचलायलासुद्धा त्यांच्यातलं कोणी आलं नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती गाडी दुरुस्त करून पुन्हा फाटकासमोर उभी होती. गाडीवर रंगाची एकही बाटली नव्हती. पोरं लाल मागत होती.

"लाल न्हाय, बाळा. पांढराच हाय, पण गोड हाय की."

पालक आपापल्या पोराचा हात धरून लांबूनच घेऊन जात होते. मी वर्दीत होतो. जीप थांबवली, खाली उतरलो, एक पांढरा गोळा मागितला आणि शेवटचं पोर घरी जाईपर्यंत तिथेच उभा राहून सावकाश खाल्ला.