तारेच्या बाईंचं क्रियापद

तारेच्या बाईंनी कधीच कुणाला दारात उभं ठेवून तार वाचून दाखवली नाही. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, शेजारची एखादी बाई बोलावून घ्यायची. मग पूर्ण तार स्वतः मनात वाचायची आणि त्यानंतरच मराठीत सांगायची. देवळाली कॅम्पात आमच्या गल्लीत फौजी लोकांची बिऱ्हाडं बरीच. नवरा सरहद्दीवर, बायको हरसूलकडची नाहीतर सटाण्याकडची, आणि तार इंग्रजीत. बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत, त्यामुळे तार हातात पडली की बायका सरळ त्यांच्याकडे येत.

वर्गात त्यांचा नियम एकच होता: क्रियापद आधी शोधा. बाकीचं वाक्य त्याच्या मागून आपोआप येतं. गल्लीतही तोच नियम. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बायकांनासुद्धा दोन इंग्रजी शब्द पाठ झाले होते. ‘रिग्रेट’ असेल तर संपलं. ‘कर्टेल’ असेल तर माणूस जिवंत आहे, फक्त रजा कापली गेली, म्हणून ठरल्या दिवशी येत नाही. एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी स्वतः ऐकलंय, बायका पायरीवरूनच विचारायच्या, “बाई, कर्टेल हाय ना?” इतक्या आशेने तो शब्द उच्चारणारे लोक दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही.

आम्हाला नववीत त्यांनी तो नीट शिकवला. कर्टेल म्हणजे तोडणं नव्हे, आणि संपवणंही नव्हे. जे मिळालेलं आहे, चालू आहे, ते ठरल्यापेक्षा आखूड करणं. एका मुलीने दोरीचं वाक्य केलं, तर बाई म्हणाल्या, “दोरीला कात्री लाव. दोरीला कुणी काही कबूल केलेलं नसतं.” रजा, भाषण, खर्च, हक्क, यांच्यासाठी हा शब्द. पुढे त्यांनी हेही सांगितलं की ‘लीव्ह कर्टेल्ड’ एवढंच लिहिलं की कुणी कापली ते लिहावं लागत नाही, वाक्यात कर्ताच नसतो, म्हणून कचेऱ्यांना हे रूप फार आवडतं.

बाईंचं लग्न झालं नव्हतं. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, सुदामला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, आणि तो फौजेत गेला. एकाहत्तरच्याच हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांची आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आता थोडेच दिवस असं सांगितलं होतं. सुदाम महिन्याच्या रजेवर येऊन आईच्या उशाशी बसला होता. आई दुसऱ्या कुणाच्या हातून पाणीसुद्धा घेत नव्हती. तिचं एकच मागणं होतं, मी जाईपर्यंत याने इथून हलू नये.

सुदाम औषध आणायला बाजारात गेला असताना तार आली. रजा कापली आहे, ताबडतोब हजर व्हा. माझी आई तेव्हा बाईंच्या घरातच होती. ती म्हणाली, उद्या द्या. तार आजच आली हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक. बाईंनी तार पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, “बाकीच्यांना मी त्याच दिवशी सांगते. घरच्यासाठी वेगळा नियम कसा करू?”

सुदाम परत आल्यावर त्यांनी त्यालाही आधी बसवलं, पाणी दिलं. तो संध्याकाळच्या पॅसेंजरने गेला. बाईंची आई रात्रभर त्याला हाका मारत राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

लढाईतून सुदाम धडधाकट परत आला. पण तोवर त्याला सगळं कळलं होतं. तो हजर झाल्यावरही त्याची पलटण काही दिवस जागची हलली नव्हती. लांबची पोरं दोन-तीन दिवस उशिरा पोचली, त्यांना कुणी जाबसुद्धा विचारला नाही. तो घरी आला, दारातच उभा राहून एवढं बोलला आणि गेला. परत त्या उंबऱ्यावर आला नाही. बाई तारा वाचत राहिल्या.

ऐंशीनंतर बाईंच्या किडन्या गेल्या. मी तोवर नोकरीला लागले होते. त्यांची औषधं, दवाखान्याच्या खेपा मीच बघत असे. एक दिवस म्हणाल्या, सुदामला एकदा येऊन जा म्हणावं. तो फौजेतून निवृत्त होऊन शहरात, द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम करत होता. बसने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. मी गेले. ट्रकवर दोर आवळता आवळता त्याने ऐकून घेतलं.

“हुकूम वरून आला होता, ताई,” तो म्हणाला. “घाई तिची होती.”

मी बाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. गाळून सांगितलेलं त्यांना चालत नसे. त्या डोळे मिटून म्हणाल्या, “बरोबर आहे वाक्य. त्यात कर्ता आहे.” नंतर त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. महिन्याभरात गेल्या.

गल्लीत बायका मावत नव्हत्या. कितीतरी जणी गावाकडून आल्या होत्या. बुद्धवंदना झाली, आणि उचलायची वेळ आली तेव्हा मला सुदाम दिसला. कडेला, नळापाशी उभा होता. हरसूलकडच्या एका म्हातारीने त्याला ओळखलं. तिच्या नवऱ्याची शेवटची तार बाईंनीच वाचली होती. ती त्याच्याजवळ गेली, त्याचा दंड धरला.

“तू बाईचा भाऊ ना रे? भेटली का सुट्टी? बाई दर सणाला सांगायची, माझ्या भावाला लय काम हाय, सोडत नाय वरचे, नायतर कवाच आला असता.”

आसपासच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांनाही बाईंनी हेच सांगितलं होतं. वर्षानुवर्षं.

सुदामने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला.

“हो आजी,” तो म्हणाला. “आज सोडलं.”