हरलेल्यांचे फोटो कुठे लावलेत?

निवृत्त झाल्यावर मी फोटो काढायला लागले आणि ज्या ज्या स्पर्धेत भाग घेतला ती प्रत्येक जिंकले. फी भरायची, फोटो पाठवायचा, की दुसऱ्या दिवशी मेल हजर: परीक्षक थक्क झाले आहेत. एकदा माझ्या हातून चुकून गॅसच्या पावतीचा फोटो गेला, तर तोही अमूर्त विभागात निवडला गेला. त्या दिवशी मी पोट धरून हसले आणि मग भीतीच वाटली. पावती ग्रेट असेल, तर माझ्या बाकीच्या फोटोंचं काय? मला फोटो काढता येतो की नाही, एवढंच कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. आमच्या यांना विचारलं तर म्हणायचे, "पैसे घेणारा नाही कशाला म्हणेल?" आणि फोटोबद्दल खोदून विचारलं की, "मला त्यातलं कळत नाही."

अशात आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. सोनेरी कडांचं, छापील. निवड झाल्याची फी, फ्रेमची फी, सन्मानचिन्हाची फी, सगळं आधीच भरून झालं होतं. आमंत्रणात लिहिलं होतं, 'सहकुटुंब, सहपरिवार यावे.' ते मी कौतुकानं देवापुढे ठेवलं, हीच चूक झाली, आल्यागेल्या सगळ्यांनी ते वाचलं. आमची आळी केळीच्या वाडीवाल्यांची, आणि आमंत्रण म्हटलं की आमच्यात घरटी एक माणूस जातोच. न जाणं म्हणजे भांडण. मी सांगून पाहिलं की हे तसलं आमंत्रण नाही. माझी जाऊ म्हणाली, "सोनेरी कडा हाय म्हणजे मोठं कार्य. आम्ही नाय आलो तर लोक काय बोलतील तुला?"

त्यामुळे आम्ही सगळे केळी नेतात त्या टेम्पोतून बोळिंजला निघालो. बायका काठापदराच्या साडीत, एक घड आहेर म्हणून सोबत. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तोंड पाडलेलं होतं.

प्रदर्शन एका नव्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये होतं. एका कोपऱ्यात कॅरमचे बोर्ड उभे करून ठेवलेले, काचेपलीकडे एक गृहस्थ आमच्याकडे तोंड करून ट्रेडमिलवर धावत होते. आंतरराष्ट्रीय कसं, असं मी आयोजकांना विचारलं, तर त्यांनी कतारहून सुट्टीवर आलेला एक मुलगा दाखवला. माझा फोटो 'पोहण्यापूर्वी आंघोळ करावी' या सूचनेखाली टांगला होता. आमच्या बावखलात, म्हणजे वाडीला पाणी द्यायच्या तळ्यात, पहाटे उभा असलेला बगळा.

हॉलमध्ये जितके फोटो तितकेच लोक. प्रत्येक जण आपापल्या फोटोशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेत होता. दुसऱ्याच्या फोटोकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आमची आळी मात्र कार्याला आल्यासारखी एकेकापाशी थांबायला लागली. कुठले तुम्ही, घरी कोण कोण असतं, हा डोंगर कुठला. ते कलावंत भांबावले, मग खुलले, एकानं तर जावेला खुर्ची आणून दिली. माझ्या फोटोपुढे मात्र आळीनं बावखलातला गाळ कधी काढायचा यावरच चर्चा केली. बगळ्याचं कुणी नावही काढलं नाही.

मग सन्मानचिन्हं वाटली. प्रत्येकाला 'सर्वोत्कृष्ट'. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी आळी काका म्हणते, त्यांनी आयोजकांना हाक मारली. "हरलेल्यांचे फोटो कुठे लावलेत? तेपन बघू, आलोच हाव तर."

"काका, इथं कुणी हरत नाही. सगळेच विजेते."

"मंग हरलं कोन?"

"कुणीच नाही."

"कुनी हरलं नाय तर ही जिंकली कशी?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आयोजक पाणी प्यायला गेले.

काकांना स्पर्धा अर्धवट टाकलेली चालत नाही. त्यांनी आळीला फर्मान सोडलं, जो फोटो तुमच्या ओटीवर लावाल, त्याच्यापाशी जाऊन उभं राहा. एकच गोंधळ उडाला. कलावंत रिक्षावाल्यांसारखे माणसं आपल्याकडे ओढू लागले. कतारचा मुलगा हात जोडून म्हणाला, "एक तरी जण माझ्याकडे या ना." आयोजक धावत आले आणि, "हे नियमात बसत नाही," असं ओरडत राहिले.

आळी हळूहळू एकाच फोटोपाशी जमली. मनवेलपाड्यातल्या एका मुलीनं काढलेला. चाळीपुढे टँकरची वाट बघणारे रिकामे ड्रम, आणि उपड्या बादलीवर बसून एक बाई दुसरीची वेणी घालतेय. माझी जाऊ म्हणाली, "हिला हाक मारली तर वळून बघंल." मी बघितलं. खरंच वळली असती. मला राग यायला हवा होता, पण आधी हेवा वाटला. माझ्या बगळ्यापाशी एकच माणूस उभा होता. आयोजक, कारण तिथं पंखा होता.

मी यांना शोधलं. हे त्या मुलीच्या फोटोजवळच्या खांबाआड, मला दिसू नये अशा बेतानं उभे होते.

केळ्यांचा घड काकांनी त्या मुलीला दिला. ती रडायलाच लागली.

परतताना मी टेम्पोत सन्मानचिन्ह मांडीवर घेऊन बसले होते. मागे आळी गाळाचा दिवस ठरवत होती. हे बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुझा बगळापण चांगला होता हो."

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या कशालाही उगाच चांगलं म्हटलेलं नाही. आमटी खारट झाली तर पाहुण्यांसमोर खारट म्हणतात. माझ्या निरोपसमारंभातलं भाषण लांबलं, तेही घरी येईपर्यंत ऐकवलं होतं. यांचा इतका मऊ आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, माझी आई गेली तेव्हा. मला माझा निकाल कळला.